भिंतीच्या गोधड्या

आमच्या घरात हळू कुणीच बोलत नसे, आणि आई तर मुळीच नाही. कडावला आमच्या आळीत लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं जायचं, की त्या घरची बाई भांडखोर नाही, तिच्या नवऱ्याला कमी ऐकू येतं. तरी निम्म्या सुनांना ते पटत नसे, कारण आई "जेवायला चला" हेसुद्धा अशा आवाजात म्हणायची की शेजारचं मांजर माळ्यावर पळायचं. बाबा खोपोलीला पत्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. दिवसभर यंत्राखाली पत्रा ठोकला जायचा, आणि त्या ठोकाठोकीत त्यांच्या कानांचं हळूहळू मातेरं झालं होतं. आईचं माहेरचं नाव मंजुळा. ते नाव तिला शोभायचं असं मामा सांगायचा, पण मला ती थट्टाच वाटे. ओरडून बोलायची ती सवय माझ्याही गळ्यात इतकी मुरली, की आज साठी उलटून गेली तरी भिसेगावच्या आमच्या इमारतीत मी फोनवर बोलायला लागले की खालचा वॉचमन मान वर करून बघतो.

जुन्या घरात हे एवढं जाणवत नसे. ते घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, खाली सारवलेली जमीन आणि वर कौलं. तिथे पितळी तांब्या पडला तरी धप्प एवढंच व्हायचं. मग बाबांनी हौसेने विटांचं घर बांधलं, वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली चकचकीत लाद्या. आळीतलं ते पहिलं स्लॅबचं घर. वास्तुशांतीला आलेले लोक भिंतींवरून हात फिरवून बघत होते आणि बाबा दारात उभे राहून नव्या नवरदेवासारखे लाजत होते. पण त्या घरात राहायला गेलो आणि बाबा आणखी बहिरे झाले. निदान आम्हाला तसं वाटलं. आईने एक हाक मारली की ती समोरच्या भिंतीवर आपटून परत यायची, तोवर दुसरी निघालेली असायची, आणि बाबांपर्यंत नुसता गलका पोचायचा. ते "आं?" करायचे. मग आई आणखी वरच्या पट्टीत जायची, की गलका दुप्पट. कुणाची तरी नजर लागली म्हणून आईने घरावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. घर घुमतंय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

बाबांना विडीकाडी नव्हती, सुपारीचं खांडसुद्धा नव्हतं. एकच नाद होता, भजनाचा. गावच्या भजनात ते टाळ धरायचे. पुढे पखवाज नीट ऐकू येईना, टाळ मागेपुढे पडायला लागला, तेव्हा कुणी काही बोलायच्या आधी ते स्वतःच मागच्या रांगेत जाऊन बसले आणि नंतर जायचेच बंद झाले. कर्जतच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही सावकाश जाणार. त्या रात्री जेवताना बाबांनी वालाच्या बिरड्यात भाकरीचा तुकडा नुसताच फिरवत ठेवला. मग म्हणाले, "जवर हाय तवर नीट ऐकून घेतो. एवढंच पायजे मला." आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट. आईने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

इथे उस्मानचाचाला आणलं पाहिजे. हा बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. कर्जतच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर त्याचा फार जीव. त्याने मेलेल्या तीन-चार संचांचे अवयव काढून एक रेकॉर्ड वाजवायचं यंत्र उभं केलं, सागवानी पेटीत दोन स्पीकर बसवले आणि एका रविवारी सगळं टेंपोत घालून आमच्या दारात आणलं. सोबत काळ्या तबकड्यांची चळत आणि घरातून चाचीने दिलेली वाफवलेली गोड सांदणं. आता हे ठेवायचं कुठे? मागच्या बाजूला भाताची खोली होती. भात भरडून संपत आलं की पावसाळ्यात ती रिकामीच असे. बाबांनी आईकडे बघितलं. आईने कमरेवर हात ठेवून, अर्थातच ओरडून, निकाल दिला. "नवं भात घरात आलं का खोली माझी! तवर काय घुमवायचं ते घुमवा!"

तिने तो शब्द सहज वापरला, पण खोली खरोखरच घुमली. चाचाने पहिली तबकडी लावली. एका बाईचं भजन होतं. सुई टेकली, आणि त्या रिकाम्या, गिलाव्याच्या चार भिंतींत असा काही कल्लोळ माजला की भजन म्हणणारी बाई विहिरीत पडून मदतीला हाका मारतेय असं वाटावं. बाबा स्पीकरच्या समोर मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "चालू झालं का?" मी हसले, आणि लगेच मला कसंतरी झालं. चाचाचा चेहरा पार उतरला. पण हा माणूस हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. टाळीमागून टण्ण असा आवाज भिंतीभिंतीने फिरत राहिला. "शांताराम," तो बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मशीन बरोबर हाय. खोली बरोबर नाय. भिंती नागव्या हायत रं, त्यांना कपडे घालाय पायजेत."

चाचाने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की शहरात गाणं भरायच्या ठिकाणी भिंतींना मऊ पॅनल लावतात. आत नेमकं काय भरतात ते त्याला आठवत नव्हतं. पण मऊ म्हटल्यावर आमच्याकडे काय असणार? पेंढा. पेंढ्याची गंजी परड्यात उभीच होती. फळांच्या खोक्यांच्या पट्ट्या काढून बाबांनी चौकटी ठोकल्या, मी दाभण आणि सुतळी घेऊन गोणपाट शिवलं, आणि चाचा मांडी ठोकून पेंढा भरायला बसला. दाभण चालवण्यात माझा हात चांगला होता हे मी आजही मान्य करून घेते. पावसाच्या त्या दिवसांत प्रत्येक सुट्टी आमची त्या खोलीत गेली. गोणपाटाचा तो उग्र, उबदार वास, बाहेर पागोळ्यांची धार, चुलीवर भाजणाऱ्या सुकटीचा घमघमाट, आणि मध्येच चाचाचा बाबांना, "अरं चौकट हाय का चारपाई?" असा टोमणा. बाबांना तो ऐकू जात नसे, त्यामुळे चाचाला आपले टोमणे हातवारे करून परत सांगावे लागत आणि त्यातली मजा दुप्पट होई. आईने गिलाव्यात खिळे ठोकायला साफ नकार दिला होता. नव्या भिंतीला भोक म्हणजे तिच्या काळजाला भोक. मग आम्ही स्लॅबमधल्या कड्यांना दोऱ्या बांधून ते पॅनल भिंतीलगत टांगले. चाचा त्यांना ऐटीत पॅनल म्हणायचा. आळीतल्या बायका बघून गेल्या आणि त्यांनी नाव ठेवलं, भिंतीच्या गोधड्या. तेच टिकलं.

फरक पडला का? पडला, थोडासा. टाळीमागचा टण्ण जरा बोथट झाला. आणि मग श्रावणात एका सकाळी मी खोलीचं दार उघडलं, तर भिंत हिरवी. गोणपाटाच्या विणीतून बारीक बारीक कोंब बाहेर डोकावत होते. नव्या भिंतींना ओल होतीच, आणि पेंढ्यात झोडणीतून सुटलेले दाणे. त्यांनी ओलीत मोड धरले होते. आमच्याकडे मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरतात, त्याला रहू म्हणतात. आई आली, तिने त्या हिरव्या भिंतीकडे बघितलं आणि शांतपणे, म्हणजे तिच्या मानाने शांतपणे, विचारलं, "रहू टाकलंय काय भिंतीला? आता लावनी कवा?" चाचा पोट धरून हसायला लागला. आईने पुढचा प्रश्न टाकला. "झोडनी कुनी केलती गेल्या साली?" झोडणी बाबांनी केली होती, कारखान्यातून सुट्टी काढून, घाईघाईत. बाबांना तो प्रश्न अजिबात ऐकू आला नाही. ऐकू न येण्याचे काही फायदेही असतात. ते आपले एका कोंबावरून बोट फिरवत कौतुकाने म्हणाले, "बघ गं सुले, काय टवटवीत आलंय."

सगळ्या गोधड्या उतरवून उन्हाची तिरीप आली तेव्हा ओटीवर वाळत घातल्या. आमची म्हैस चंद्री गोठ्याबाहेर बांधलेली होती. तिने मान लांब करून एक गोधडी जवळ ओढली आणि गोणपाट फाडून आतला पेंढा कोंबांसकट फस्त केला. उरली ती नुसती चौकट, तीही चाटूनपुसून स्वच्छ. चाचाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बघू आता, चंद्रीचा हंबर कमी घुमतो का." पुढे बरेच दिवस आम्ही खरंच कान देऊन ऐकायचो. दूध मात्र तिने नेहमीपेक्षा बरं दिलं असं आई म्हणे.

नव्याने सुकवलेला, झाडून घेतलेला पेंढा भरून आम्ही पुन्हा गोधड्या शिवल्या. एक थर आईच्या जुन्या लुगड्यांचा दिला. ती लुगडी आईनेच आणून दिली, "भिकाऱ्याला द्यायची व्हती, तुमीबी तेच" असं म्हणत. गणपतीच्या दिवसांत चाचा पुन्हा टाळ्या वाजवून खोली तपासत होता. बाबा भिंतीला कान लावून उभे, मी कोपऱ्याकोपऱ्यात टाळी वाजवतेय, चाचा मधोमध. टाळ्या ऐकून शेजारची भिकीकाकू हात जोडून आत आली. बघते तर मूर्ती नाही, निरांजन नाही, आणि टाळ्या वाजवायला उस्मान. "कुनाची आरती चाललीय रं?" तिने विचारलं. "भिंतीची, काकू," चाचा म्हणाला, आणि चाचीने धाडलेल्या डब्यातलं एक सांदण तिच्या हातावर ठेवलं, "ह्यो परसाद." काकूने ते कपाळाला लावून खाल्लं आणि आणखी एक मागून घेतलं.

माझा नातू परवा त्याच्या खोलीत काळ्या फोमचे तुकडे चिकटवत होता. कसले कसले व्हिडिओ करतो, त्यात आवाज घुमतो म्हणे. मी त्याला विचारलं, जाडी किती? तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू आजीला एकदम इंग्रजी यायला लागलं. त्याला काय माहीत, ह्याच जाडीपाशी आमचं घोडं अडलं होतं. वरचा किनरा आवाज गोधड्यांनी खाल्ला, पण खालचा, घुमणारा, तो तसाच राहिला. भजनातला शब्द त्याच्याखाली चिरडला जायचा. चाचा म्हणाला, हातभर जाडीच्या गोधड्या करायला पाहिजेत, चारी बाजूंनी, जमिनीपासून छातीपर्यंत. तेवढा पेंढा घातला असता तर चंद्रीला वर्षभर उपाशी राहावं लागलं असतं. आणि तोवर दसरा झाला, शेतं पिवळी पडली, कापणी सुरू झाली. बाबा संध्याकाळी कामावरून आले की खोलीत जाऊन बसायचे. हल्ली ते यंत्र लावतही नसत. मी एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कानच गेले म्हनल्यावर भिंतीला का दोष द्या." मी बाहेर येऊन आईच्या पाठीमागे उभी राहिले आणि रडले. आईने विचारलं नाही का रडतेस. तिला माहीत होतं.

दिवाळीनंतर झोडणी झाली. त्या साली बाबांनी मुद्दाम सावकाश, एकेक भारा दोनदा आपटून केली. भात गोणींत भरलं, आणि बाबा स्वतःच म्हणाले, "खोली मोकळी करतो." शब्द म्हणजे शब्द. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग चुलीकडे बघितलं, आणि ओरडून म्हणाली, "यंत्र कोपऱ्यात ऱ्हाऊ दे, उस्मानभाई येऊन नेतील तवर!" एवढीच सवलत. बाबांनी तीन भिंतींच्या गोधड्या उतरवल्या आणि तिथे गोणी रचायला घेतल्या, एकावर एक, छातीपर्यंत. दाराकडच्या भिंतीला भात लावायचं नव्हतं, म्हणून तिथल्या गोधड्या कुणी काढल्याच नाहीत. खोलीत मध्ये चटईएवढी जागा उरली. नव्या भाताचा वास घरभर सुटला होता, आईने त्या दिवशी नव्या तांदळाचा भात आणि गूळ घालून खीर केली होती, आणि तरीही घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं.

रविवारी चाचा टेंपो घेऊन आला. भाताच्या तुसाने यंत्र खराब होईल म्हणून ते घेऊन जायचं होतं. तो खोलीत शिरला, आणि सवयीने त्याने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच मेली. मागे काही नाही. चाचा उभा राहिला. त्याने पुन्हा वाजवली. मग माझ्याकडे बघितलं, गोणींकडे बघितलं, आणि एका गोणीवर थाप मारून हळूच म्हणाला, "या अल्ला." हातभर जाडी, जमिनीपासून छातीपर्यंत, तीन बाजूंनी गोणी आणि चौथीला गोधड्या. आम्ही पावसाळाभर जे शिवत होतो ते दर साली आमच्या घरात आपोआप रचलं जात होतं, आणि आम्ही ते रिकामं झाल्यावर तिथे गाणं ऐकायला बसलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात भात कमी होत गेलं तसं खोली पुन्हा घुमायला लागली. बाबा आईला सांगायचे, भरडायला काढायचं तर वरच्या थरातलं काढ, भिंतीचं उघडं पाडू नको. शेवटी गिरणीतला तूस गच्च भरून हातभर जाडीच्या गोधड्या मीच शिवल्या, त्या बाबा असेपर्यंत तिथे होत्या. पण ते नंतरचं.

त्या रविवारी चाचाने टेंपोवाल्याला परत पाठवलं आणि बाबांना दंडाला धरून गोणींच्या मध्ये बसवलं. तबकडी लावली, तीच पहिली. सुई टेकल्याची खरखर ऐकू आली, मग तंबोरा, मग ती बाई. ती समोर बसून म्हणत होती. कडवं सुरू करण्याआधी ती श्वास घेते, तो श्वाससुद्धा आला. मी बाबांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. आधी ते नुसते बसले होते, उस्मानचं मन राखायला. मग त्यांच्या मांडीवरचं बोट हललं. मग ताल धरला गेला, आणि तो बरोबर पडत होता. भजन संपलं तेव्हा त्यांच्या गालावर पाणी होतं, पण ते हसत होते, आणि चाचा विजयी मुद्रेने गोणीला टेकून असा बसला होता, जणू भात त्यानेच पिकवलंय.

आई दारात येऊन उभी होती, हातात सूप. तबकडी थांबली होती. ती स्वतःशीच, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "झालं. आता ह्ये काय हितनं उठत नाय."

"उठतो की," बाबा म्हणाले. "दोन मिंटं बसू दे."

आईच्या हातातलं सूप कलंडलं आणि मूठभर दाणे लाद्यांवर सांडले, तेही तिच्या लक्षात आलं नाही. बाबांना अजून कळलंच नव्हतं त्यांनी काय केलं ते. आईने ओठांवर जीभ फिरवली. मग म्हणाली, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं, "अवो... येतंय का ऐकू?"

बाबांनी मान वळवली. "येतंय," ते म्हणाले. "बोल."

आईचा तो आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. बारीक, जरासा घोगरा, आणि इतका गोड की मला क्षणभर वाटलं बोलतंय कोण. मामा थट्टा करत नव्हता. ती आत आली, सूप खाली ठेवलं, बाबांच्या समोरच्या गोणीवर टेकली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एवढ्या वर्षांचं बोलायचं साठलेलं असताना कुठून सुरुवात करावी हे तिला सुचत नव्हतं. मग तिने मान वर केली, आम्हा दोघांना तिथे बघितलं, आणि डोळ्यांनीच दार दाखवलं.

आम्ही बाहेर आलो. चाचाने दार हळूच ओढून घेतलं. आतून काही ऐकू येत नव्हतं, थोडा वेळ मी उगीच दाराला कान लावून उभी राहिले. चाचाने माझ्या डोक्यावर टपली मारली.

"चल पोरी," तो म्हणाला, "चहा आज आपनच करू. वयनी काय लवकर यायची नाय."